रिकामे खांब

वल्लरीला टाळ्या फार म्हणजे फारच आवडल्या. आवडणारच ना! जी मुलगी उत्तर येत असूनही वर्गात बाकाखाली बोटं मोडत बसायची, तिने सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या आपल्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, घरघरणाऱ्या पंख्यांमध्ये, सगळ्या शेजाऱ्यांसमोर माइक हातात घेतला आणि एकदाही न अडखळता बोलली. लोक हसायला हवे होते तिथे हसले. शेवटी समोरच्या रांगेतली एक चिनी आजी तर उभी राहून टाळ्या वाजवत होती!

कारण होतं नूतनीकरणाचं. त्यांच्या जुन्या वसाहतीसाठी सरकारने पैसे मंजूर केले होते आणि त्यातून काय काय करायचं ते राहणाऱ्यांनीच सांगायचं होतं. उतार, छताचा रस्ता, नवी बाकं, सगळं एकाच आराखड्यात. मुलांना काय हवंय, हे सांगायचं काम शाळेतर्फे वल्लरी आणि तिची वर्गमैत्रीण श्रिया यांच्याकडे आलं. त्यांनी मागितला अभ्यासाचा कट्टा: मोठी टेबलं, पंखे, लॅपटॉपसाठी प्लग. आणि जागा? ती वल्लरीनेच शोधली. कारपार्ककडच्या हिरवळीवर आठ उंच खांब उभे होते, प्रत्येकाच्या टोकाला दोरी ओढायची कप्पी. शाळेतून येताना, भर दुपारी, तिने त्यांचा फोटो काढला. आठ रिकामे खांब आणि एका खांबाखाली पसरलेलं मांजर. पडद्यावर तो फोटो आला तेव्हा ती म्हणाली होती, ''या जागेचा सध्या एकच जण उपयोग करतो, आणि तोही झोपण्यासाठी!''

हशा तेव्हाच झाला होता.

आता गंमत अशी, की हे वाक्य म्हणताना वल्लरीला माहीत होतं की ते खोटं आहे.

भाषणाच्या आधीच्या रविवारी शाळेच्या सामन्यासाठी ती भल्या सकाळी खाली उतरली होती. एरवी रविवारी ती दहाच्या आत डोळे उघडत नाही. त्या दिवशी पाहते तर काय, आठही खांबांवर पिंजरे! पार वर, उन्हात, आणि प्रत्येकात मरबोक, म्हणजे पट्टेपट्टेवाला छोटासा होला. एकाने घुमायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. खाली पाच-सहा म्हातारे कॉफी पीत, माना वर करून, एक शब्द न बोलता ऐकत होते. त्यात शेजारच्या दाराचे रहमान पाकचिक होते. पाकचिक म्हणजे काका. ती लहान असताना आई-बाबा ऑफिसातून येईपर्यंत ती त्यांच्याच घरी बसायची. त्यांनी तिला पाहून हात केला. तिने पटकन फोटो काढला, कारण दृश्यच तसं होतं, आणि उलट हात न करताच बससाठी पळाली.

संध्याकाळी श्रियाचा फोन आला. ''स्लाइड्स फायनल हं! आता कशालाही हात लावू नकोस, प्लीज लाह.''

''नाही लावत,'' वल्लरी म्हणाली, आणि सकाळचा फोटो फोनमध्येच राहिला.

एवढंच. एवढंच तर केलं होतं तिने!

मतदान झालं, आराखडा पास झाला. आईच्या मैत्रिणीने, सविताकाकूंनी, तिच्या भाषणाचा व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आईने तो चांगी बिझनेस पार्कमधल्या आपल्या अख्ख्या टीमला दाखवला. आणि शुक्रवारी लिफ्टमध्ये रहमान पाकचिक भेटले, पत्नीची व्हीलचेअर ढकलत.

''मी नकाशाही न बघता हो म्हणून मत दिलं,'' ते खुशीत म्हणाले. ''त्या दिवशी मी मशिदीत होतो, तुझं भाषण हुकलं. पण म्हटलं, आमच्या मजल्यावरची पोर बोललीय, चांगलंच असणार. आता हिच्यासाठी उतारही होईल, ना?''

''हो,'' वल्लरी म्हणाली. सातवा मजला येईपर्यंत ती लिफ्टच्या बटणांकडेच बघत राहिली.

रात्री जेवताना आमटीत चमचा नुसता फिरत होता.

''तब्येत बरी आहे ना?'' आईने विचारलं.

मग तिने सांगितलं. सगळं नाही सांगणार असं ठरवून सुरुवात केली आणि सगळं सांगून बसली.

विनीता, तिची आई, बँकेत हिशेब तपासते. तिचं पहिलं वाक्यही तसंच आलं. ''अगं, मंजूर झालेले पैसे ठरलेल्या मुदतीत खर्च करावे लागतात. आता मध्येच बदल म्हणजे...'' मग तिने हातातला घास खाली ठेवला. ''तुला आधी माहीत होतं?''

वल्लरीने मानेनेच हो म्हटलं.

''उद्या खाली नकाशे लावणार आहेत, सूचनांसाठी शेवटचा दिवस. तूच जाऊन सांगायचं.''

''तू येशील?''

''येईन. बोलणार नाही.''

दुसऱ्या दिवशी ब्लॉकखाली फलक लागले होते. आठ खांबांच्या जागी तपकिरी चौकोन होता, बास. नकाशावर ते खांब कधी नव्हतेच जणू. वास्तुरचनाकार बाई मोठ्या हसऱ्या. ''अरे, आपली वक्ता!''

''मला एक... मला...'' आणि घ्या! जुनं अडखळणं बरोबर वेळ साधून परत आलं. तिने सरळ फोनच पुढे केला. ''ही जागा रिकामी नाहीये. मी दुपारचा फोटो दाखवला. हा सकाळचा. तो माझ्याकडे आधीपासून होता.''

श्रियाने तिचा दंड धरला. ''ए, वेडी झालीस का? माझंपण नाव आहे त्यावर!''

''तुला माहीत नव्हतं. तसं सांगते मी.''

''वा, थँक्यू हं!'' श्रिया दंड सोडून फलकांच्या पलीकडे निघून गेली.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. खांब राखता येतील, त्या म्हणाल्या. मग कट्टा अर्ध्यावर येईल, तोही कचराकुंड्यांच्या बाजूला. पण आराखडा एकच आहे, पुन्हा लोकांना विचारावं लागेल. सगळंच काम थोडं लांबेल.

''उतारसुद्धा?'' मागून कुणीतरी विचारलं.

''उतारसुद्धा.''

विचारणारे रहमान पाकचिक होते.

वल्लरीला वाटलं, फरशीने आपल्याला गिळावं. चूक केली तेव्हा त्यांचं गेलं आणि चूक निस्तरतानाही त्यांचंच जातंय! पाकचिकांनी तिच्या हातातला फोन घेतला, डोळ्यांजवळ धरला. निळ्या कापडाच्या पिंजऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, ''हा माझा.'' मग मान वर करून, ''हा त्या रविवारचा ना? मी हात केला होता तुला.''

''हो.''

''घरी येऊन हिला म्हटलं, पोरीच्या डोळ्यांवर ऊन आलं असेल, म्हणून दिसलो नाही.''

तिला सहज हो म्हणता आलं असतं. त्यांनी स्वतःच तिच्यासाठी सबब करून ठेवली होती. आई ब्लॉकच्या भिंतीला टेकून उभी होती, ठरल्याप्रमाणे गप्प.

''ऊन नव्हतं, पाकचिक,'' वल्लरी म्हणाली. ''तुम्ही दिसला होतात.''

त्यांनी फोन परत दिला. रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! ते सावकाश लिफ्टकडे गेले. एरवीसारखे ते दार धरून तिच्यासाठी थांबले नाहीत.

रविवारी तिने गजर लावला. खाली गेली तेव्हा हिरवळ ओली होती आणि पिंजरे एकेक करून वर चढत होते. म्हाताऱ्यांपैकी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. पाकचिक सगळ्यात शेवटच्या खांबाशी होते.

या वेळी तिने आधी हात वर केला.

त्यांनी पाहिलं, हे नक्की. पण त्यांचे दोन्ही हात दोरीवर होते आणि पिंजरा अजून अर्ध्यातच होता. वल्लरी हात तसाच धरून उभी राहिली. वर निळं कापड हळूहळू उन्हात जात होतं.