अकरा टिचबटणं

"ही बॅग माझ्या डोक्यातून निघाली," मालक म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालकांच्या डोक्यातून घामाशिवाय काही निघालेलं मी त्यांच्या बॅगांच्या कारखान्यात पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. बॅग माझी होती. माझी ताई सिस्टर आहे. घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. रोज आठ-दहा घरं, जिने आणि सायकल. तिच्या जुन्या बॅगेचं अस्तर आत पक्कं शिवलेलं. काही सांडलं की वरवरचं निघायचं, शिवणीतलं तिथंच कुजायचं. एका आजोबांची जखम चिघळली तेव्हा ती मला म्हणाली, "ती घाण माझ्याच बॅगेतून गेली नसेल ना गं?"

त्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. कागदाचे सहा नमुने कापून फाडले, सातवा जमला. एकच लांब पट्टा, दोन कड्यांतून फिरणारा. ओढला की बॅग पाठीवर, सैल सोडला की खांद्यावर, काढून टाकला की हातात. आणि अस्तर म्हणजे सुटी पिशवी, तोंडाशी अकरा टिचबटणांनी अडकवलेली. काढा, उकळत्या पाण्यात टाका, वाळवून परत लावा.

तेव्हा मालक म्हणाले होते, "धुवून धुवून लोक तीच बॅग वापरायला लागले तर आपण काय हवा खायची? अस्तर शिवून टाक सरळ." आता ताईच्या संस्थेला तीनशे बॅगा हव्या होत्या, संस्थेच्या मोठ्या सिस्टर नमुना बघायला आल्या होत्या, आणि कल्पना एका सकाळीत मालकांची झाली होती. आयत्या बिळावर नागोबा!

मोठ्या सिस्टरांनी पर्समधून जखमेला लावायच्या तपकिरी औषधाची बाटली काढली आणि सरळ बॅगेत ओतली. "हं. आता धुवून दाखवा."

मालकांनी ऐटीत बटणं उघडली. अकराच्या अकरा. अस्तर ओढलं, ते येईना. पुन्हा ओढलं, तर बॅगच त्यांच्यामागून चालू लागली.

"ही हिची करामत!" मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "एक काम धड करेल तर शपथ!"

मी बॅग हिसकावून घेतली. अस्तराच्या काठावर चहूबाजूंनी बारीक टाके होते. इतके सुबक की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

"तुम्हीच शिवून घेतलंत!" मी ओरडले. पाहुण्यांसमोर, आवाज न आवरता. "पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं तुम्हाला! लोकांच्या जखमा सडल्या तरी चालतील, तुमची बॅग खपली पाहिजे!"

"मी शिवलं गं," कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या.

मावशी आमच्याकडचा शेवटचा हात. प्रत्येक बॅग आम्ही उलटी शिवतो आणि अस्तरात ठेवलेल्या भोकातून सुलटी करतो. ते भोक बुजवायचं काम चाळीस वर्षं मावशींचं. "सकाळी टेबलावर होती. अस्तर सुटं दिसलं. वाटलं, राहिलंय. हात गेला बघ."

मालकांचा चेहरा फुलला. "ऐकलंस? माफी माग."

"मावशींची मागते. त्यांना मी सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "तुमची नाही मागणार. टाके तुमचे नसतील, बाकी मी बोलले ते सगळं तुमचंच आहे."

गळ्यातली कात्री काढून मी टाके उसवले, अस्तर ओढून काढलं आणि नळाखाली धरलं. तपकिरी पाणी वाहून गेलं आणि कापड निघालं पांढरंस्वच्छ. मावशी बघत होत्या. त्यांचे टाके कापताना मलाच कसंतरी होत होतं.

ओलं अस्तर मोठ्या सिस्टरांनी माझ्या हातातून घेतलं आणि मालकांपुढे धरलं. "कल्पना तुमची ना? लावा परत."

मालकांनी आधी ते उलटं घातलं. मग सुलटं, पण खिसा पाठीकडे. मग बटणं लावली, तर एक बटण उरलं. पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं पंधरा वर्षं काहीही अडलं की पाहायचे. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

मोठ्या सिस्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "एका बॅगेला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"आम्हाला साधारण..." मालकांनी सुरुवात केली.

"मी यांना विचारलंय."

मालकांनी ते उरलेलं बटण चिमटीत घट्ट धरलं.

"अडीच तास," मी म्हणाले. "आणि अस्तर शिवलेलं असेल तर एकही बॅग घेऊ नका. मी शिवलेली असली, तरी."