अन् सुया नव्हे, अनसूया

"बाई, अनसूया म्हणजे 'दोरा अन् सुया' यातलं अन् सुया का?"

नववीच्या वर्गात, मराठीच्या तासाला मधल्या रांगेतून हा प्रश्न आला आणि सगळा वर्ग बाकांवर आडवा झाला. गंमत म्हणजे विचारणारीचं नावच अनसूया होतं. चष्मेवाली आणि उंचाडी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे तू उभं राहून बाईंना विचारून दाखवच. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. यंदा काय झालं कुणास ठाऊक, तिला एकदम वाचा फुटली आहे. ती उठली, वेणी मागे टाकली आणि विचारून मोकळी झाली.

मित्रांनो, ज्या नावाची ही थट्टा झाली ते नाव म्हणजे मी. मी एक जुनं नाव आहे. चार अक्षरी, मुलीचं. 'नाव' हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे मला माहीत आहे, पण एवढा काळ मुलींमध्ये काढल्यावर मी 'आले, गेले' असंच बोलणार. व्याकरणवाल्यांनी थोडा वेळ कानांवर हात ठेवावेत.

माझा जन्म कधीचा ते मला सांगता येणार नाही. नावांना कसली आलीय जन्मतारीख! जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडून मी घराघरांत शिरले एवढं खरं. एक काळ असा होता की माझी भलतीच चलती होती. एकेका वर्गात आम्ही चौघी-चौघी असायचो. मास्तरांनी "अनसूया, फळा पूस" म्हटलं, की एक तर चौघी उठायच्या, नाही तर चौघीही एकमेकींकडे बघत बसायच्या. मग लांब केसांची अनसूया, ठेंगणी अनसूया, दातांत फट असलेली अनसूया अशी आमची वाटणी व्हायची.

इतक्या तोंडांत राहिल्यावर झीज ही होणारच. घाईघाईत हाका मारताना लोकांनी माझ्या 'सू'चा उकार काढला आणि शेजारच्या 'न'च्या पायात अडकवून दिला. अनसूयाची मी अनुसया झाले. पुढे अनुसयाची अन्सू, अनशी, अनू. एक शेजारीण तर मला जन्मभर 'अनासया' म्हणत होती. मी कधी रागावले नाही. हाकेत माया असली की मी कशीही ओ देते.

मग वारं फिरलं. आईबाप आखूड, गुळगुळीत नावं शोधू लागले. माझ्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, चांगलं आहे हो, पण जुनं वाटतं. होता होता मी फक्त म्हाताऱ्या बायकांमध्ये उरले. आणि म्हाताऱ्या बाईमध्ये उरणं म्हणजे जवळजवळ नसणंच. तिला कुणी नावाने हाक मारतच नाही. ती कुणाची आई असते, कुणाची काकू, कुणाची आजी. दवाखान्यातली मुलगी "अनुसयाबाई, आत या" असं ओरडते, तेवढीच माझी हवापालट.

मी या मुलीकडे आले ती तिच्या आत्याआजीमुळे. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. तिनेच बाबांना लहानाचं मोठं केलं. ती बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती. तिथे सरकत्या पट्ट्यापाशी तीन अनसूया उभ्या असायच्या. मुकादमाने त्यांची डबेवाली, झाकणवाली आणि लेबलवाली अशी नावं पाडली होती. आत्याआजी म्हणजे लेबलवाली. मुलगी झाली तेव्हा बाबा म्हणाले, नाव आत्याचंच ठेवायचं, यावर चर्चा नको. चर्चा झाली नाही. फक्त जन्माच्या दाखल्यावर लिहिताना कचेरीतल्या माणसाने कानाला जे ऐकू आलं तेच लिहिलं, अनुसया.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आता तुम्हीच सांगा, जिची आई दिवसभर सुया टोचते त्या मुलीचं नाव हे असेल तर वर्ग तिला सोडेल का? "आईकडे कापूस, सिरिंज अन् सुया" हे गाणं पाचवीपासून तिच्या मागे लागलं होतं. आधी ती रडायची. मग तिने वह्यांवर नुसतं 'अनू' लिहायला सुरुवात केली. आणि यंदा वाचा फुटल्यावर तिने घरी स्वच्छ सांगितलं, की मला हे नाव नको. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे छापून येईल ते जन्मभर चिकटेल, त्याआधी बदलून द्या.

तिने नवं नावही निवडलं होतं. दोन अक्षरी, चकचकीत. ते मी इथे सांगत नाही, कारण तिच्या वर्गात त्या नावाच्या तिघी आहेत आणि तिघीही हे वाचतील. आई लगेच तयार झाली. बाबा जेवणाच्या ताटाकडे बघत "बरं" म्हणाले आणि नाव बदलायच्या कामासाठी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ज्या दिवशी वर्गात तो प्रश्न आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ती रजा होती. म्हणून तर चष्मेवाली म्हणाली होती, उद्या बिचारं जाणारच आहे, जाण्याआधी त्याचा अर्थ तरी विचार.

म्हणजे माझा त्या मुलीतला तो शेवटचा दिवस होता. आणि खरं सांगते, त्या दोन अक्षरी नावाचा मला राग येत होता.

बाई स्वतः पोटभर हसल्या. मग त्यांनी फळ्यावर 'असूया' असा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मागून कुणीतरी म्हणालं, काहीतरी असण्याची सोय. बाई म्हणाल्या, दुसऱ्याचं चांगलं बघून आपल्या पोटात दुखतं ना, ती असूया. मग आपण त्याच्या चांगल्यातही खोट काढत बसतो. याच्या आधी 'अन्' लावा. अनोळखी म्हणजे ओळख नसलेला, अनादर म्हणजे आदर नसणं, तशी अनसूया.

"म्हणजे बघ," बाई मुलीला म्हणाल्या, "तुझं नाव ठेवताना असं ठरलंय, की तू कुणाला नावं ठेवायची नाहीत."

"आणि अनुसया?" मुलीने विचारलं. "दाखल्यावर तेच आहे."

"त्याचा अर्थ नाही गं. ती नुसती जिभेची सोय."

वर्ग गप्प झाला नाही, वर्ग कधीच गप्प होत नाही. उंचाडी म्हणाली, पोटदुखीवरचं औषधच की हे. पण माझी मात्र मान खाली गेली. इतकी वर्षं मी हा अर्थ मिरवते आणि त्या नव्या नावामुळे माझ्याच पोटात दुखत होतं.

मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी नव्या नावाची तालीम घ्यायची ठरवली. मुलगी पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत होती. उंचाडीने व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ते दोन अक्षरी नाव खणखणीत आवाजात पुकारलं. तीन मुलींनी वळून पाहिलं. चौथी शेजारच्या वर्गातून डोकावली. आमची मुलगी आपली बाटलीच भरत होती. उंचाडीने पुन्हा हाक मारली. त्या चौघी वैतागल्या, कोण हवंय ते नीट सांग म्हणाल्या. मग चष्मेवालीला काय सुचलं कुणास ठाऊक, तिने "अनसूया" अशी हाक दिली, उकार जिथल्या तिथे ठेवून. अख्ख्या व्हरांड्यात एकच मान वळली. बाटली भरून पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं आणि ती हसत होती.

त्या क्षणी मला त्या नव्या नावाची कीव आली. एका हाकेला चौघींनी धावायचं आणि तिघींनी हिरमुसून परत जायचं, हे मी सोसलेलं आहे. उद्या त्याचीही लांब केसांची, ठेंगणी, दातांत फट असलेली अशी वाटणी होणार. जा बाई, म्हटलं, सुखात राहा. माझं पोट तेव्हा थांबलं दुखायचं.

पण मुलीचं काही ठरलेलं दिसत नव्हतं. शाळेतून ती सरळ घरी गेली नाही. खालच्या मजल्यावर आत्याआजी राहते, तिच्या दारात उभी राहिली आणि बाईंनी फोड केली होती तशीच्या तशी, नीट हाक मारली, "अनसूया."

आत्याआजी खिडकीपाशी एकटीच पत्त्यांचा डाव लावून बसली होती. तिने वर पाहिलं, मग मुलीच्या मागे जिन्यात पाहिलं. "कोणाला बोलावतेस?"

"तुला."

आत्याआजीने पत्ते खाली ठेवले. किती वर्षांनी तिला कुणी नावाने बोलावत होतं, आणि तेही न झिजलेल्या. मुलीने तिला दिवसभराची हकीकत सांगितली, अर्थही सांगितला. म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे माझा अख्खा जन्म खोट्या नावावर गेला म्हण की," ती म्हणाली. "डबेवालीला मुकादम केलं होतं, तेव्हा मी जेवण टाकलं होतं. लेबलं वाकडी चिकटवायचे मी, मुद्दाम."

"मग?"

"मग काय, भुकेने मेले असते. गेले आणि बसले तिच्याच डब्यापाशी. तिने निम्मी भाजी माझ्या पोळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून माझी लेबलं सरळ."

मुलगी तिच्या पत्त्यांशी चाळा करत राहिली. मग तिने हळूच विचारलं, की मी उद्या नाव बदललं तर तुला वाईट वाटेल का.

"अगं, बदल की. मला तरी कुठे विचारून ठेवलं होतं? तुझ्या बाबाला वाटेल थोडं, त्याचं मी बघते. तू कुठल्याही नावाने आलीस तरी दार हेच आहे."

मित्रांनो, मी कितीतरी जणींची झाले, पण माझा अर्थ इतक्या सहज जगलेली बाई मी पाहिली नाही. आणि तिला वाटत होतं की आपलं नाव खोटं. जिन्याच्या पायऱ्या चढताना मुलगी ओठांतल्या ओठांत मला म्हणून बघत होती. कधी न झिजलेली, कधी झिजलेली.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं नाव असेल. कुणाच्या तरी आत ते हाकेची वाट पाहत बसलेलं असेल. भांडी वापरली नाहीत तर काळवंडतात, नावं हाकारली नाहीत तर विरून जातात. तुमच्या आजीला, मावशीला एकदा तिचं पूर्ण नाव विचारा. त्याचा अर्थ विचारा. तिला माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. आणि कुणाची थट्टा करायचीच असेल तर करा, माझीही ना नाही, पण थट्टेतसुद्धा उच्चार तेवढा शुद्ध ठेवा.

रात्री जेवायला तिघं बसले. आईच्या अंगाला लॅबचा वास होता, बाबांच्या नखांत लिफ्टचं काळं ग्रीस. आई म्हणाली की नव्या नावाचं स्पेलिंग एकदा नीट ठरवून टाकू, म्हणजे उद्या तिथे घोळ नको. बाबा भाताचे घास मोजत असल्यासारखे जेवत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बाबा, उद्याची रजा तशीच ठेवा," ती म्हणाली. "आपण जायचंय, पण बदलायला नाही, दुरुस्त करायला. दाखल्यावर अनुसया लिहिलंय. तो उकार 'न'च्या पायातून काढायचा आणि 'स'ला द्यायचा, आणि दीर्घ द्यायचा. मला अनसूयाच राहायचंय. आई, तू मला आजपासून अनू म्हणू नकोस. अख्खं म्हण."