दादाच्या नाकावरचं औषध

धाकटीचा कप वेगळा, खिडकीत ठेवायचा, हा तिच्या दादाचा नियम. दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. एचआयव्ही कशाने होतो आणि कशाने होत नाही, हे पोरांकडून घोकून घ्यायचा आणि घरी येऊन बहिणीचा टॉवेल चिमट्याने उचलायचा. शिकलेलं गाढव म्हणतात ते हेच.

नवरा गेल्यापासून धाकटी दादा-वहिनीकडेच राहायची. शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करून आपल्यापुरतं कमवायची. एचआयव्हीने अंगातली ताकद कमी झाली आणि दहाही बोटांवर चामखिळी उठल्या. गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली, तशी मालकीण म्हणाली, “पहिल्या तारखेपर्यंत हात साफ कर, नाहीतर मी दुसरी बघते.”

इस्पितळातून तिने चामखिळी जाळायच्या औषधाची बाटली आणली. सिस्टरने शिकवलं तसं रोज करायची. बोटं कोमट पाण्यात बुडवायची, चामखिळीभोवती व्हॅसलीन लावायचं आणि काडीच्या टोकाने बरोबर मधोमध एक थेंब ठेवायचा. सहा बोटं साफ झाली. चार राहिली. आणि एका सकाळी बाटली रिकामी, दादाचं नाक टोमॅटोसारखं लाल.

“एवढीशी चामखीळ होती गं,” दादा रुमालाआडून म्हणाला. “म्हटलं, भरपूर लावलं की लवकर जाईल.”

“काडी कुठली घेतलीस?”

“बाटलीजवळ होती तीच.”

धाकटी बघतच राहिली. बहिणीचा कप चालत नाही, तिची काडी मात्र चालते. नाकावर हे लावायचं नसतं, एवढं तर तिसरी शिकलेल्या धाकटीलाही कळत होतं.

“महिन्याला एकच बाटली मिळते,” ती म्हणाली. “माझ्या बोलण्यावर सिस्टर दुसरी देणार नाही. तू चल आणि तुझ्या तोंडाने सांग.”

“त्या रांगेत? कुणी बघितलं तर?”

“नको येऊस. मी तुझ्या शाळेत येते. सरांच्या नाकाला काय झालं, ते पोरांना सांगते.”

दादाने मुकाट्याने चपला घातल्या.

इस्पितळात बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सरकून दादाला जागा करून दिली. दादा भिंतीपासूनही वीतभर लांब उभा राहिला. सिस्टर बाहेर आली, रिकामी बाटली हलवून बघत म्हणाली, “कुणी संपवली ही?”

सगळ्या माना वळल्या. धाकटीने आपली चार बोटं दादासमोर धरली.

“मी,” दादा पुटपुटला.

“नाक दाखवा. बसा इथे.”

दादा उभाच. तेव्हा धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बस रे. बाकावर बसून होत नाही, पोरांना तूच शिकवतोस ना?”

म्हातारा हसला. दादा बाकाच्या टोकाला टेकला.

नवी बाटली घेऊन घरी आल्यावर धाकटीने खिडकीतला कप उचलला आणि सगळ्यांच्या कपांमध्ये ठेवला. वहिनीने तोंड उघडलं, तसा दादा घाईघाईने म्हणाला, “राहू दे.” बिचाऱ्याचं नाक अजून झोंबत होतं.