मी तीन रेघांचा दगड

शिवकांता नवस बोलली होती. धाकटा दीर समुद्रावरून सुखरूप घरी आला, तर वर्षभर दर सोमवारी महादेवाला भरली घागर वाहीन. दीर आला. नवस फेडायला सुरुवात झाली आणि त्यातल्या तेहतीस घागरी माझ्या डोक्यावर रिकाम्या झाल्या. घोटाळा एवढाच, की मी महादेव नाही.

मी दगड बोलतोय. नारळापेक्षा थोडा मोठा, काळपट करडा, एका बाजूनं तासल्यासारखा सपाट. त्या सपाट बाजूवर तीन रेघा आहेत, सरळ, एकीखाली एक. त्यांनीच मला देव केलं आणि त्यांनीच मला देवपणातून सोडवलं. म्हणून आधी रेघांची गोष्ट सांगतो.

पृथ्वीच्या पार दक्षिणेला, जिथं माणसाचं गाव कधी वसलं नाही, तिथल्या एका डोंगराचा मी तुकडा. त्या डोंगरावर बर्फ साचला. वितळायचं नाव नाही, साचतच गेला, आणि शेवटी आपल्याच वजनानं सरकायला लागला. निघताना त्यानं मला डोंगरातून उपटलं आणि पोटाखाली धरलं. वर मैलभर बर्फाचं ओझं, खाली खडक, मध्ये मी, तोंड खाली. दिवसाला हातभर चालायचं. कधी बोटभरच. पण बसायचं म्हणून नाही. खडकाच्या टोकांवरून घासत गेलो, तेव्हा या तीन रेघा पडल्या.

जमीन संपली तरी बर्फ थांबला नाही. त्या काळी जगातलं इतकं पाणी बर्फ होऊन बसलं होतं, की समुद्रच खाली उतरला होता. घरासमोर ओटा असावा तसा किनाऱ्याला लागून पाण्याखाली एक रुंद ओटा असतो. बर्फ त्या ओट्यावर तळाला टेकून चालत गेला. रानात वखर घालावा तसा त्यानं चिखल खरवडला. लांबच लांब सऱ्या पाडल्या, दऱ्या खणल्या. एरवी समुद्र किनाऱ्यापासून दूर जावं तसा खोल होत जातो. तिथं उलटं आहे, किनाऱ्याजवळच जास्त खोल, कारण खणायला सुरुवात तिथून झाली. आणि खणलेला गाळ? तो बर्फानं पुढं ढकलत नेला आणि जिथं त्याची चाल संपली तिथं त्याची लांबलचक पाळ घातली. तळ्याला बांध असतो ना, तशी.

मग दिवस उबदार झाले. बर्फ मागं हटला. त्याचे डोंगराएवढे तुकडे सुटून तरंगायला लागले, आणि जाता जाता त्यांची बुडं चिखलात घासून वेड्यावाकड्या रेघोट्या उठल्या, लहान पोरानं पाटीवर ओढाव्यात तशा. मी त्या पाळीवरच राहिलो. वर समुद्र चढला. अंधार झाला. किती वर्षं, ते मी मोजलं नाही.

एके दिवशी एक लोखंडी बादली चिखल खात आली आणि तिनं मलाही उचललं. वर उजेड होता. उजेडात पहिला माणूस दिसला तो पंचाक्षरी, शिवकांतेचा दीर. चाकूरपासून पाच कोसांवरच्या गावचा, आणि समुद्राचा तळ तपासणाऱ्या जहाजावर फिटर. बादली खाली सोडायचं आणि वर ओढायचं यंत्र त्याच्या ताब्यात. जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी माझ्यासारखे पुष्कळ दगड बघितले, हवे ते ठेवले. उरलेल्यातला मी पंचाक्षरीच्या पेटीत, लोकरी बंडीत गुंडाळून, त्याच्या गावी आलो.

“वैनी, हे घ्या,” तो म्हणाला. “दुसरं काय आणणार तिथून? तिथं बाजार भरत न्हाई.”

शिवकांतेनं मला पदरानं पुसलं आणि तिचा हात थांबला. घरातली सगळीच माणसं कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढणारी. तिनं विभूतीत बोट बुडवून माझ्या रेघांवरून फिरवलं. तीन पांढरे पट्टे उठून दिसले. “महादेव स्वतः आला माझ्या घरी,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. रेघा कशाच्या ते पंचाक्षरी सांगणार होता. पण वहिनीनं आपल्यासाठी चार महिने एकभुक्त राहून काढलेत, हे त्याला नुकतंच कळलं होतं. तो गप्प बसला. चूक तिची म्हणाल, तर निम्मी त्याचीही.

असा मी देवघरात, परातीत बसलो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि गावचं जुनं तळं तर निजामाच्या काळापासून गाळ खात बसलेलं. त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी थांबे आणि दिवाळीला संपे. दिवसाआड टँकर येई, घरटी चार घागरी मिळत. त्यातली एक शिवकांता सोमवारी माझ्यावर ओते. मग बातमी पसरली, समुद्रातून महादेव आलाय, विभूती लावूनच आलाय. बायका तांबे घेऊन यायला लागल्या. समुद्राचा देव, तो पाणी आणल्याशिवाय राहील का, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अंगावरून गेलेलं पाणी पळीभर तीर्थ म्हणून घेत, बाकीचं परसातल्या बेलाला. मी कितीतरी समुद्र डोक्यावर घेतलाय, पण त्या तांब्यांइतकं जड पाणी मला कधी लागलं नाही.

तेहतिसाव्या सोमवारी शेजारची साखराबाई मोठा तांब्या घेऊन आली. तिची सून नऊ दिवसांची बाळंतीण होती. पूजा आटोपल्यावर शिवकांता डिंकाचे लाडू घेऊन तिच्याकडं गेली आणि थोड्या वेळात परत आली ती रिकाम्या हातानं, चेहरा उतरलेला. नवऱ्याला, चंद्रप्पांना तिनं जे सांगितलं ते मी ऐकलं. सुनेचे ओठ फुटले होते. लाडू कोरडा घशाखाली उतरेना. कोपऱ्यातला रांजण पालथा. विचारलं तर पोरगी म्हणाली, “सासूबाईंनी देवाला नेलं. म्हणल्या, देव पाऊस पाडंल, मग पोटभर पी.”

शिवकांतेनं आधी घरातली घागर उचलून तिकडं पोचवली. मग माझ्यासमोर येऊन बसली. पंचाक्षरी पुन्हा जहाजावर जायच्या आधी चार दिवसांसाठी घरी आलेला होता. तिनं त्याला हाक मारली.

“भावजी, खरं सांगा. ह्या रेघा कुणी ओढल्या?”

तो तिच्याशेजारी भुईवर टेकला. मग सगळं सांगितलं. बर्फ, खडक, समुद्राखालचा ओटा. जहाजावरून पाण्यात आवाज सोडतात, तो तळाला आपटून परत येतो, आणि यंत्रातल्या कागदावर तळाचं चित्र उठतं, तेही सांगितलं. त्यानं त्या सऱ्या कागदावर डोळ्यांनी बघितल्या होत्या.

ती रडली नाही. तिनं विचारलं, “बर्फाला किती दिवस लागले?”

“हजारो वर्षं, वैनी. दिवसाला हातभर चालायचा.”

“हातभर,” ती म्हणाली. “आणि उकरलेला गाळ?”

“पुढं ढकलून पाळ घातली. अजून हाय तशी.”

देवघराच्या खिडकीतून तळ्याची पाळ दिसते. ती तिकडं बघत राहिली. मग हात जोडले, पण माझ्याकडं तोंड करून नाही. गावच्या देवळाच्या दिशेनं.

“महादेवा, नवस मी मोडत न्हाई. एकोणीस सोमवार राहिलेत, एकोणीस फेडीन. पण घागर आता पाण्याची न्हाई, गाळाचं घमेलं. चालत नसंल, तर आत्ताच सांग.”

ती वाट बघत बसली. नाही असं कोणी म्हणालं नाही.

पुढच्या सोमवारी बायका ओळीनं आल्या. शिवकांता उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, “हा महादेव न्हाई. दगड हाय. चूक माझी झाली, तुमची न्हाई. ते पाणी घरी न्या, लेकरांना पाजा.”

मग साखराबाई म्हणाली, “म्हंजी इतके दिस आपण दगडाला न्हाऊ घातलं व्हय? आमचा म्हातारा आठ दिसांचा पारोसा बसलाय, अन् हे बघा कसं गुळगुळीत झालंय.”

दोघीतिघी हसल्या. पण बाकीच्यांची तोंडं आवळली. एकजण जाता जाता म्हणाली, आता हिनं देवाला दगड म्हटलं, आता पाऊस कशाचा येतोय. ते शिवकांतेला लागलं. पाऊस आला नाही तर गाव तिचंच नाव घेणार, हे तिला कळत होतं. तिनं मला परातीतून काढलं, घमेल्यात ठेवलं, टिकाव घेतला आणि तळ्यात उतरली.

जिथं सुरुवात केली तिथं तिनं मला खुणेला ठेवलं. नवस एका घमेल्याचा होता. पण उतरल्यावर एकानं तिचं भागेना, त्या दिवशी तिनं एकवीस घमेली पाळीवर नेऊन टाकली. आपलं किराणा दुकान बंद करून चंद्रप्पा आले. वैतागले होते, थोडे शरमलेही होते. म्हणाले, “अगं, गाळ काढायसाठी लातूरला अर्ज दिलाय. आता कलेक्टर जवळ आलाय. आपल्या आधी लई गावं हायत, पण नंबर लागंल.”

“लागू द्या की. नंबर येईस्तोवर मी रिकामी बसून काय करू?”

दुसऱ्या सोमवारीही ती एकटीच. पाळीवरून जाणारे थांबत, बघत, निघून जात. माणसाला खणणाऱ्याकडं बघायला फार आवडतं, हे मी तेव्हा शिकलो. तिच्या तळहातांना फोड आले. तिनं हळद लावली, फडकं बांधलं. मी तिच्याजवळ पडलेलो होतो, आणि मला माझा बर्फ आठवत होता. तोही कोणाला दाखवायला चालला नव्हता.

तिसऱ्या सोमवारी साखराबाई टोपलं घेऊन आली. कुरकुरतच उतरली. “सून म्हणती, तुम्ही जा, न्हाईतर लेकरू तुमच्यापाशी टाकून मीच जाते. काय करता? तिच्या पाण्याचं पाप माझ्या डोक्यावर हाय, ते ह्याच्यातच उतरवते.” शिवकांतेनं तिला टिकाव दिला आणि स्वतः फावडं घेतलं. पाचव्या सोमवारी सातजणी होत्या. नवव्या सोमवारी ती पाऊस येणार नाही म्हणणारीही आली, कोणाशी न बोलता गाळ भरायला लागली, आणि कोणी तिला काही विचारलं नाही. चंद्रप्पा आधी दुकानातला गूळ आणून वाटायचे. मग एकदा गूळ वाटून झाल्यावर त्यांनी धोतर खोचलं. पुरुष येऊ लागले ते त्यानंतर.

दर सोमवारी शिवकांता मला उचलून खणलेल्या कडेला नेऊन ठेवी. कधी मी हातभर सरके, कधी चार हात. हजारो वर्षांनी मी पुन्हा चालायला लागलो होतो.

एकोणिसाव्या सोमवारी, चैत्रात, तळाचा मुरूम लागला. देवळाच्या अंगणाएवढा खड्डा, दोन पुरुष खोल, आणि पाळ कमरेइतकी वर चढलेली. पंचाक्षरी नुकताच जहाजावरून परतला होता. पाळीवर उभा राहून बघत बघत म्हणाला, “वैनी, आता वरून आवाज सोडला, तर कागदावर तुमची पण पाळ उठंल.”

शिवकांता हसली. तिनं मला मुरुमावर उभं केलं, सपाट बाजू पाळीकडं, रेघा आडव्या. विभूती लावली नाही. फक्त म्हणाली, “आता तू पाण्यात ऱ्हा. तुला सवय हाय.”

मृगात काही आलं नाही. गावात पुन्हा कुजबुज झाली. ती दर सोमवारी घमेलं घेऊन येतच राहिली, नवस फिटला होता तरी. पाणी आलं ते श्रावण सरता सरता. खालची रेघ बुडाली, मधली बुडाली, वरची बुडाली, आणि मी पुन्हा पाण्याखाली गेलो. पण या वेळी माझ्यावरचा समुद्र माणसांनी खणलेला होता. पुढच्या संक्रांतीपर्यंत तो टिकला. साखराबाईची सून लेकराला कडेवर घेऊन घागर भरायला येई.

त्यानंतर पुष्कळ वर्षं दर चैत्रात गाव तळ्यात उतरे आणि माझ्या तिन्ही रेघा उघड्या करून जाई. मग घरोघरी नळ आला. नळ आल्यावर माणूस तळ्याकडं पाठ करून उभा राहतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण गाळ कोणाची वाट बघत नाही. वरचं रान दर पावसाला मूठमूठ माती खाली सोडतं. गेली तीन वर्षं कोणी उतरलं नाही. आज चैत्र आहे, तळं आटलंय, आणि माझ्या दोन रेघा गाळात गेल्यात. वरची एकच दिसते.

शिवकांतेचे गुडघे आता पाळ उतरू देत नाहीत. तरी ती सोमवारी येते. घमेलं शेजारी ठेवून पाळीवर बसते आणि डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघते. ती हिंमत हरलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, अजून एक रेघ हाय.

मी बर्फाबरोबर चाललोय आणि या बाईबरोबरही चाललोय. म्हणून हात जोडता आले असते तर हात जोडून सांगितलं असतं. देवापुढं तुम्ही काहीतरी नवस बोलत असालच. या खेपेला तिच्यासारखं बोला. एक सोमवार, एक घमेलं. पाळीवर ते ठेवलेलंच आहे, तिच्या डाव्या हाताला, रिकामं.