रोज येणारी नको

चाळिशीला टेकलेल्या बाईला कोणी आपणहून फोन करून नोकरीला बोलावतं का? जळगावातल्या दवाखान्यांनी माझ्या सुनेला दारातूनच परत लावलं होतं. कोणी म्हणे, अनुभव आणा. कोणी म्हणे, आम्हाला कोवळ्या पोरी लागतात, रात्रभर पळतात. आणि धुळ्याचा एक दवाखाना, ज्याची आमची ओळख ना पाळख, तो म्हणतो, मयुरीताई, गुरुवारी या, काम झालंच समजा.

मी म्हटलं, "काहून झालंच समजा? त्यांनी तुले पाह्यलं कुठी?"

"आई, मी माहिती पाठवली होती. वाचली असेल."

"मंग वय बी वाचलं असंल ना?"

मयुरी फाईल पिशवीत भरायला लागली. पोरगा दहावीला असताना तिने नर्सिंगला नाव घातलं. वर्गातल्या पोरी तिला काकू म्हणायच्या. केळीच्या बागेचं पाणी बघून, घरादाराचे डबे भरून ती पहाटेच्या एसटीने जायची. पास झाली, कौन्सिलची नोंदणीही झाली. तेव्हापासून घरात बसून माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा बांधते आणि म्हणते, आई, वाढलंय. वाढणारच. घरात शिकलेली नर्स रिकामी बसली की कोणाचं वाढणार नाही?

मी बरोबर निघाले. आमच्यात स्थळ बघायला गेलं की पुरुष ओसरीवर गप्पा हाणतात आणि बायका मागच्या दाराने घर बघून येतात. बैठकीत सगळेच गोड बोलतात. मी मोरी बघते, वाळत घातलेलं धुणं बघते, सुनांचे चेहरे बघते. माझ्या मुली मी अशाच दिल्या, एकही माघारी आली नाही. दवाखाना काय आणि सोयऱ्याचं घर काय.

धुळ्याला पोचलो तर अखिल नावाचा मॅनेजर पायरीपर्यंत सामोरा आला. "या मावशी, त्रास नाही ना झाला?" मी याची मावशी कधी झाले? मयुरीला बाकावर बसवून तो फोनवर बोलत आत गेला. मी लघवीला जाते म्हटलं आणि सरळ मागे वळले.

मागच्या खोलीत एक पोरगी सलाईनच्या बाटल्या लावत होती. अंगावर नर्सचा ड्रेस, पण खांद्यावरून घसरत होता. दुसरीच्या मापाचा असावा.

"काय नाव गं तुझं?"

"मुस्कान."

"कुठी शिकली नर्सिंग?"

"इथेच. बारावी झाल्यावर. बघून बघून येतं." मग हळूच म्हणाली, "तुमच्याबरोबर आल्या त्या नव्या सिस्टर का? जुन्या सिस्टरचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, पण बाई मी कधी पाहिली नाही."

मी परत बाकावर येऊन बसले, तोवर अखिल मयुरीसमोर खुर्ची ओढून बसलाच होता.

"ताई, तुम्हाला जळगावहून रोज यायची गरजच नाही. मूळ सर्टिफिकेट आमच्याकडे ठेवायचं. तपासणी येणार असली की फोन करू, त्या दिवशी ड्रेस घालून यायचं. दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला देतो. मग बघा, आज नाही म्हणणारे कसे बोलावतात."

अनुभवाचा दाखला म्हटल्यावर मयुरीचा चेहरा बदलला. तिने पिशवीतून फाईल काढली, मांडीवर घेतली, दोरा सोडायला लागली. मला तिचा राग आला, आणि कीवही आली. किती दारांतून 'नाही' ऐकल्यावर माणसाचे हात असे चालतात?

"मयुरे, आधी मागं चल."

"आई, थांबा ना जरा."

"चल म्हनते ना."

अखिल उठला. "मावशी, तिकडे पेशंट आहेत."

"मंग नर्सले नाही दाखवायचे त कोनाले दाखवता?"

मागच्या खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर एक माणूस पडला होता, भाईदास. उशाशी त्याची बायको भागाबाई बसली होती. मयुरीच्या हातातली फाईल बघून ती उभीच राहिली. "माय, सकायपाईन यासना हात सुजेल शे. कोनी ऐकतंच नही."

सकाळपासून सुजलेला हात पार टम्म झाला होता. मयुरीने फाईल माझ्याकडे दिली. सलाईनच्या नळीवरची चकती फिरवून आधी थेंब थांबवले, बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "शिरेत नाही, बाहेर जातंय सगळं." सुई काढून कापूस दाबला, हात उशीवर उंच ठेवला. मग मुस्कानला वाकून बघायला लावलं. ओरडली नाही. मी असते तर पोरीला तिथेच धुतली असती.

"हे कोणाच्या सहीने चाललंय?" मयुरीने अखिलला विचारलं.

"सही कागदावर असते ताई. पुढे तुमची असेल."

मयुरीने तो सुजलेला हात उशीवर पुन्हा नीट ठेवला.

"मी रोज येते," ती म्हणाली. "इथेच खोली घेते. रात्रपाळी द्या. पण सर्टिफिकेट माझ्याजवळ राहील."

अखिल हसला. "रोज येणारी नको आहे हो. रोज येणाऱ्या आहेत आमच्याकडे."

मयुरीने माझ्या हातातून फाईल घेतली. "डॉक्टरांना आत्ता बोलवा, तो हात दाखवा. ते आल्याशिवाय मी इथून हलत नाही." डॉक्टर आले, कपाळाला आठ्या घालून का होईना, पण आले. मग आम्ही निघालो.

परतीची एसटी एरंडोलला थांबली. मी म्हटलं, "गेलं त गेलं. स्थळच नासकं होतं."

"आई, तुमचं ठीक आहे. दाखला मला लागणार होता."

मी पिशवीतली भाकरी काढून तिच्यापुढे धरली.

पुढच्या आठवड्यात तिला भडगावच्या एका दवाखान्यात बोलावलं. मी लुगडं बदलून तयार झाले तर म्हणते, "तुम्ही नका येऊ. लोकांना वाटतं पोरगी बघायला आले." एकटीच गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अनुभव विचारला. ही म्हणाली, "धुळ्याला एक सलाईन बंद केलं, तेवढाच." आणि नोकरी का मिळाली नाही तेही सांगून टाकलं. बाई हसल्या म्हणे, आणि सहा महिने शिकाऊ म्हणून घेतलं. रोज यायचं, उशीर चालणार नाही, सर्टिफिकेटची झेरॉक्स पुरे.

घरात सगळ्यांना आनंद झाला. पेढे आले. मीही एक खाल्ला. पण हसून नोकरी देणारी बाई मला काही पटलेली नाही. सोमवारी मी भडगावला जाणार आहे, कोणाला न सांगता, मागच्या दाराने.