पाचवी नखी

चिनीमातीचा निळा तुकडा पकडीत धरून दिएप तशीच बसून राहिली. देवळाच्या भिंतीवर अशाच तुकड्यांनी जडवलेल्या ड्रॅगनचा फुटलेला उजवा पंजा तिने सकाळीच पुरा केला होता, डाव्याबरहुकूम, पाच नख्यांचा. चुना अजून ओला होता. आणि आता फायलीतल्या लढाईपूर्वीच्या फोटोत दोन्ही पंजांना चारच नख्या. तिने दोनदा मोजल्या.

ह्यूसारख्या जुन्या राजधानीतलं शेंबडं पोरही सांगेल, पाच नख्या सम्राटाच्या. हे देऊळ तर राजपुत्राचं, म्हणजे चारच हव्यात. लढाईत फुटलेला डावा पंजा तिच्या वडिलांनी, थ्वान उस्तादांनी, तीस वर्षांपूर्वी नव्याने बसवलेला. जन्मभर राजवाड्यात हात चाललेला माणूस, सवयीनं पाच लावून मोकळा झाला असणार. याच महिन्यात त्यांना सरकारी मान मिळायचा होता, आणि तपासणीच्या बाई तासाभरात येणार होत्या. आपली नखी उपटली तर शेजारी बापाची उघडी पडते, ठेवली तर चूक कायमची. इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात थ्वान शिंपल्यांचा भात घेऊन हजर.

“बा, तुम्ही घरी जा. पाऊस येईल.”

“आल्या आल्या हाकलतेस? आणि फाइल का मिटलीस?”

“भाताचा वास लागेल तिला.”

“खोटं बोललीस की कान लाल होतात तुझे, पोरी.” त्यांनी फाइल ओढून घेतली. फोटो पाहिला. मग भिंतीवरचे पंजे पाहिले.

बाहेर मोटार थांबली. दिएपचा जीव टांगणीला लागला. “बाईंना सांगते मी, फोटो पुसट आहे. तुम्ही फक्त गप्प राहा.”

थ्वाननी छिन्नी उचलली आणि डाव्या पंजाच्या पाचव्या नखीवर हातोडी हाणली. तीन घाव लागले.

“बा! आणि तुमचा मान?”

“ते बाई ठरवतील. तुझी उपट, चुना ओला आहे तोवर.”

तिने आपली नखी उपटली.

“बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी मला चूक कळली होती,” ते खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाले. “तुझी आई दवाखान्यात होती, काम जाईल म्हणून गप्प बसलो. मग दर पुरानंतर पहिला इथे यायचो. वाटायचं, या खेपेला तरी ती नखी पडली असेल. एकदाही पडली नाही गं. काम पक्कं केलं होतं ना मी.”