मैनामावशीची पोर

बी.ए. व्हायला मला सात वर्षं लागली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पहाटे वांगी-मेथीची गाडी अमरावतीच्या बाजारात लावायची, हात धुवायचे की कॉलेज. त्यात लग्न झालेलं, आणि दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. इंटरला दोनदा आपटलो त्याचं नवल नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोनं, कौशल्यानं, माझं काही ऐकलं नाही. पाचव्या दिवशी पोरीला सुपात घातलं आणि शेजारच्या मैनामावशीला मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकलं. आमच्याकडे लेकरं जगत नसली की असं करतात. दुसऱ्याचं झालं म्हणजे त्याच्यावर कुणाचा डोळा राहत नाही. पोरीचं नाव कोंडाबाई. राहायची आमच्याच घरी, पण आई म्हणायची मैनामावशीला. कौशल्या तिची काकू, मी काका. पाचवं वर्ष लागलं की लुगडं देऊन लेकरू परत मागायचं, आणि घेणारीनं आपल्या तोंडानं "दिलं" म्हणायचं. तोवर ते तिचंच.

पाचवं लागलं, आणि माझं बी.ए.चं शेवटचं वर्षही. मैनामावशी कुंपणाशी येऊन म्हणाली, "सहदेव, पोरगी घेऊन जाय रे बाप्पा. माह्या जिवाचा भरोसा नाई."

"मावशी, परीक्षा होऊ दे," मी म्हटलं. वर हसलो. शिकलेला माणूस ना मी! कौशल्यानं लुगडं आणून ठेवलं होतं. तिलाही गप्प बसवलं.

तिसऱ्या पेपरच्या दिवशी पहाटे मैनामावशी गेली. मी खांदा दिला, अंघोळ केली आणि अकराच्या पेपरला पळालो. राख सावडून झाल्यावर तिच्या भाच्यानं घराला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो अकोल्याला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून कोंडी घरी जेवेना.

"जेवली मी," म्हणायची.

"कुठं वं?"

"आईनं देलं."

कौशल्यानं तिचा हात हुंगला. अंबाडीच्या भाजीचा वास. आमच्या घरी आठ दिवसांत अंबाडी आली नव्हती. "अवो, मावशी नेऊन राहिली माह्या पोरीले," कौशल्या म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. खोटं कशाला सांगू, भ्यालो होतो म्हणून खेकसलो. चार दिवसांत पोर अर्धी झाली. बरगड्या मोजाव्यात अशी. डॉक्टरचं औषध ओठांवरून खाली यायचं.

शेवटच्या पेपरला मी दहाला निघालो. बडनेऱ्याच्या सडकेला लागलो न लागलो तोच कौशल्या उघड्या डोक्यानं ओरडत आली. "कोंडी नाई खाटेवर!"

मी घड्याळाकडे पाहिलं. हो, पाहिलं. त्याची लाज मला अजून वाटते. मग पुस्तकं सडकेवर टाकली आणि धावलो.

मैनामावशीच्या पुढच्या दाराला कुलूप तसंच. मागचं दार आतून बंद. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर कोंडी भिंतीकडे तोंड करून बसलेली, कुणीतरी वेणी घालून देत असावं तशी मान ताठ धरून. आणि तिचे केस, देवाशपथ सांगतो, हलत होते.

कौशल्या घरातून लुगडं घेऊन आली. दारापुढं ठेवलं. मी दोन्ही हात जोडले. बी.ए.चा उमेदवार!

"मावशी, आमचं लेकरू आमाले दे."

मग कडी निघाली. ती कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर होती, पोरीचा हात तिथं पोचणं शक्यच नव्हतं. दारात कोंडी उभी होती. ताज्या तेलाची, घट्ट वेणी.

तिनं कौशल्याकडे पाहिलं. "काकू, मले परत इकशीन काय?"

"नाई वं माय, कधीच नाई!" कौशल्या मटकन खाली बसली.

कोंडी मागं वळली. रिकाम्या खोलीला विचारलं, "आई, जाऊ?" थोडं थांबली, मान हलवली, आणि येऊन कौशल्याच्या गळ्यात पडली.

"देलं म्हनते," ती म्हणाली. "पन आई रडून राहिली. तिच्याजवळ कोनी थांबा ना."

मग मी कौशल्याला म्हटलं, तू हिला घेऊन जा, काहीतरी खाऊ घाल.

मी आत गेलो. कॉलेजात एव्हाना पेपर वाटले असतील. खोलीत तेलाचा वास होता, जमीन नुकती सारवल्यासारखी ओली. कोपऱ्यातून अगदी हळू, पदरात तोंड खुपसल्यासारखं रडणं येत होतं. मी त्या कोपऱ्याशी जाऊन बसलो.

"मावशी," मी म्हटलं, "चुकलं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

रडणं थांबलं.